बाई, पोरांना आधी कुदळ खाली ठेवायला सांगा

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतात. वय 62, सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरला आहे. मागची झाडी साफ करताना गजलक्ष्मीचं एक झिजलेलं शिल्प, वीरगळासारखा, म्हणजे धारातीर्थी पडलेल्या वीराच्या स्मरणशिळेसारखा, एक तुटका दगड आणि जमिनीत शिरणारी जुन्या चिऱ्यांची एक ओळ उघडी पडली. गावातल्या पाच-सहा तरुणांनी, म्हणजे त्यांच्याच माजी विद्यार्थ्यांनी, काम सुरू होण्याआधी दर रविवारी तिथे स्वतःच उत्खनन करायचं ठरवलं आहे आणि बाईंनी सोबत येऊन नोंदवही सांभाळावी असा आग्रह धरला आहे. पणजीत नोकरी करणारा मुलगा म्हणतो, हे बेकायदेशीर आहे, तू यात पडू नकोस. देवस्थान समितीतले काही जण म्हणतात, सरकारला कळलं तर देऊळ अडकेल, त्यापेक्षा जुने दगड नदीत सोडावेत. बाईंना लहानपणापासून एकदा तरी उत्खननावर काम करायची इच्छा होती. त्या विचारतात: पोरांबरोबर जाऊ का? नाही गेले तर त्यांचा उत्साह मी मारला असं होईल. आणि खऱ्या उत्खननात या वयाच्या बाईला स्वयंसेवक म्हणून कोण घेणार?

बाई,

गावातली पोरं तुम्हाला अजून याच नावाने हाक मारतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मीही तसंच म्हणते. उत्तर आधी सांगते, कारण रविवार जवळ आहे. तुम्ही जाऊ नका, आणि त्यांनाही खणू देऊ नका. पण एवढं सांगून तुमचं काम संपत नाही. तुमच्या मुलाने दिलेलं कारण खरं असलं तरी पोरांना पटण्यापुरतं ते पुरेसं नाही.

कायद्याचं आधी बोलू. पुरातत्त्वीय हेतूने जमीन खणायला परवाना लागतो आणि तो संस्थेला, जबाबदार संचालकाच्या नावाने मिळतो. 1958 च्या केंद्रीय कायद्यानुसार जी जागा संरक्षित नाही, तिथेसुद्धा राज्य सरकारला केंद्राच्या पूर्वमान्यतेशिवाय उत्खनन करता येत नाही की कुणाला करू देता येत नाही. जिथे सरकारचे हात असे बांधलेले आहेत, तिथे रविवारी फावडी घेऊन आलेल्या पोरांना मुभा कुठून असणार? 'जागा देवस्थानची आहे, समितीची तोंडी परवानगी आहे' यानेही काही बदलत नाही. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं शिल्प ही पुरावस्तू ठरते. कुणी हौसेने एखादा तुकडा घरी नेऊन ठेवला तरी त्याला पुढे उत्तरं द्यावी लागू शकतात. ज्या पोरांचं भलं तुम्हाला हवंय, त्यांच्या नावावर हे लागू नये.

पण कायदा इतका कडक का, हे पोरांना समजलं पाहिजे, आणि समजावणं तुमच्याइतकं कुणाला जमणार? उत्खनन म्हणजे वस्तू काढणं, ही समजूत जवळजवळ सगळ्यांची असते. तुमच्या पत्रातही ती मला दिसली: 'खाली काय काय निघेल याची उत्सुकता झोपू देत नाही.' उत्सुकता सुंदर आहे. फक्त जे निघतं त्याला बोलकं करतो तो त्याच्या भोवतीचा मातीचा थर. समजा, देवळाच्या जुन्या फरसबंदीखाली एक नाणं सापडलं. फरसबंदी न फुटलेली असेल आणि नाणं तिच्या खालच्या थरात असेल, तर ती फरसबंदी त्या नाण्यानंतरची, त्याआधीची असूच शकत नाही. एका नाण्याने एक बांधकाम काळात बसवलं. तेच नाणं पोराने उत्साहात उपटून हातावर घेतलं, तर उरतं फक्त नाणं. चुलीतला कोळसा, तुटकी खापरं, राखेचा पट्टा, खांबाच्या खळीतली वेगळ्या रंगाची माती, हे तर कुणाच्या लक्षातही येत नाही आणि ढिगात जातं. हजेरीपटावरची नावं आणि तारखा पुसून नुसत्या खुणा ठेवल्या तर तो पट काय सांगेल, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून शिकलेले उत्खनक चौकोन आखतात, दोन चौकोनांमध्ये न खणलेली भिंत राखतात. त्या भिंतीवर थर एकाखाली एक वाचता येतात. छोट्या थापीने एकेक थर उतरवतात, माती चाळतात, प्रत्येक खापराच्या पिशवीवर चौकोन, थर, खोली, तारीख लिहितात. इतकं करूनही ते शक्य तिथे जागेचा काही भाग मुद्दाम न खणता सोडतात, कारण पुढच्या पिढीकडे आपल्याहून चांगली साधनं असतील. खणलेला थर परत लावता येत नाही. आपल्या मातीत हे आणखी नाजूक असतं. जांभ्याची माती आम्लधर्मी, वर कोकणचा पाऊस. हाड, लाकूड, कापड फार क्वचित टिकतं. जे थोडं उरलंय ते खापरांत, कोळशात आणि थरांच्या रंगात उरलंय.

जुन्या गोव्यातलं एक काम या पोरांना जरूर सांगा. जॉर्जियाची राणी केतेवान 1624 साली शिराझला मारली गेली. तिचे अवशेष ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी 1627 मध्ये गोव्यात आणले आणि आपल्या मठात ठेवले. मठातल्या कुठल्या दालनात, कुठल्या खिडकीशी, ते पोर्तुगीज कागदपत्रांत लिहिलेलं होतं. पण 1842 मध्ये चर्चचं छत कोसळलं, पुढे बाकी इमारतही ढासळत गेली, आणि चिऱ्यांच्या ढिगाऱ्यात ते दालन कुठलं, ती खिडकी कुठली, हेच ओळखू येईना. शोध सुरू झाला 1989 मध्ये. हाडाचा तुकडा मिळाला 2004 मध्ये. हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेने केलेल्या डीएनए तपासणीचे निष्कर्ष आले 2013 मध्ये. 2021 मध्ये तो अवशेष भारताने जॉर्जियाला भेट दिला. ढिगारा उपसताना कुठला भाग कुठला हे कुणी जपलं नसतं, तर कागदातली खिडकी आणि मातीतलं हाड यांची गाठ पडलीच नसती. रविवारी-रविवारी हे काम होत नाही.

आता तुमच्या मनातली दुसरी समजूत. तुम्ही लिहिता, 'आम्ही खणलं नाही तर सगळं सिमेंटखाली जाईल.' म्हणजे एकीकडे पोरांची कुदळ आणि दुसरीकडे कंत्राटदाराचा जेसीबी, मधे काही नाही. मला वाटतं, मधे बरंच काही आहे आणि तुमची जागा तिथेच आहे. देवळाचा पाया तर खणला जाणारच आहे. तो पुरातत्त्वासाठी नव्हे, बांधकामासाठी. तिथे कुणीतरी उभं राहून बघणं, टेपने खोली मोजणं, फोटो काढणं, कोरीव दगड मलब्याबरोबर ट्रकमध्ये चढू न देणं, यात खणण्याचा प्रश्नच येत नाही. समितीने होकार दिला की झालं. भिंतीची ओळ, शिल्प किंवा कोरीव अक्षरं दिसली तर त्या कोपऱ्यातलं काम थांबवून कळवायचं. पोरांनी पाळ्या लावाव्यात. नोंदवही तुमच्याकडे राहू दे, पोरांनी ती तुमच्याकडे दिली यात त्यांची समज दिसते. एवढं मात्र बघा की कुणी उघड्या चरात उतरणार नाही. पावसानंतर ओलावलेल्या मातीची कड अचानक बसते.

काम सुरू व्हायच्या आधीचे दिवस तर सोन्याचे आहेत. आहे त्या देवळाची नोंद करा. कोपरान् कोपरा मोजा, चारी बाजूंचे फोटो, खांब, उंबरठा, तुळशीवृंदावन, दीपमाळ, मागचं वारूळ, राखणदाराची जागा. सापडलेल्या दगडांशेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा, नाहीतर आकार कळत नाही. झिजलेलं कोरीव काम भर दुपारी सपाट दिसतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडल्यावर, नाहीतर अंधारात बाजूने बॅटरी धरून काढलात तर गजलक्ष्मीचे हत्तीसुद्धा उठून दिसतील. दगड कुठे होता, पालथा होता की उताणा, कुणी कधी पाहिला, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, सगळं त्याच दिवशी लिहा. खडूने कडा गिरवू नका, तारेच्या ब्रशने किंवा आम्लाने घासू नका, तेल लावू नका. अक्षरं दिसली तर नखानेही खरवडू नका. गोव्यात नागरीतले लेख मिळाले आहेत तसे जुन्या कन्नडातलेही, वाचणारा माणूस वेगळा असतो. आणि हे फोटो व्हॉट्सअॅपवर, फेसबुकवर जागेच्या नावासकट टाकू देऊ नका. गुप्तधनाच्या मागे लागलेली माणसं असल्या बातम्यांवर टपलेली असतात आणि ती रात्री येतात.

फोटोंइतकीच मोलाची आहेत गावातल्या म्हाताऱ्यांकडची जागांची नावं. कुठल्या मळ्याला काय म्हणतात, शिगम्यात रोमटं, म्हणजे ढोलताशांची मिरवणूक, कुठे थांबतं, बायकांच्या धालो नाचाचा मांड, म्हणजे ठरलेली जागा, कुठल्या बाजूला, देव पूर्वी कुठे होता असं सांगतात. पणजीहून आलेल्या अधिकाऱ्याला हे एका दिवसात कुणी सांगणार नाही. तुम्हाला सांगतील, कारण त्यांच्या नातवंडांना तुम्ही बाराखडी शिकवलीत. दक्षिण गोव्यात कुशावती नदीच्या काठावर उसगाळीमळला जांभ्याच्या सड्यावर बैल, हरणं, मोर, माणसं आणि एक चक्राकार भूलभुलैया असलेली शंभराहून अधिक चित्रं कोरलेली आहेत. 1993 मध्ये ती अभ्यासकांपर्यंत पोचली ती गावातल्या माणसांनी दाखवल्यामुळे. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत अजून मतभेद आहेत, पण सडा कुठे आहे हे गावाला ठाऊक होतं. सत्तरीत म्हाऊसला नदीच्या पात्रातल्या खडकांवर कोरलेले बैल आहेत, तेही गुराख्यांच्या, शेतकऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचे. मला मनापासून वाटतं की गोव्यातलं बरंचसं पुरातत्त्व आज जमिनीच्या वर, नोंदीविना पडलं आहे, आणि त्याला कुदळीपेक्षा वहीची गरज जास्त आहे.

समितीचं काय करायचं, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग, जरी तुम्ही त्यावर दोनच ओळी लिहिल्या असल्या तरी. त्यांच्या भीतीला हसू नका. ज्या मुलखात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या भीतीने देव रातोरात नदी ओलांडून न्यावे लागले, तिथे 'सरकार आलं की देव आपला राहत नाही' ही भीती पोकळ म्हणता येत नाही. तरी वस्तुस्थिती त्यांच्यापुढे ठेवा. कळवलं म्हणजे लगेच जागा संरक्षित होत नाही. केंद्राच्या कायद्यात एखादं स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं ठरवण्याआधी दोन महिन्यांची सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. लोक ज्या शंभर मीटरच्या बांधकामबंदीचं बोलतात ती केंद्र-संरक्षित स्मारकांभोवती असते. आणि उदाहरण तर तुमच्याच तालुक्यात आहे. नार्व्याचं सप्तकोटेश्वर. दिवाडी बेटावरून आलेला देव, 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ बांधवून घेतलं, राज्याच्या पुरातत्त्व खात्याने हल्लीच त्याची डागडुजी केली, 2023 मध्ये ते पुन्हा खुलं झालं, आणि पूजा चालूच आहे. समितीतल्या दोन शंकेखोरांना एका सोमवारी तिथे घेऊन जा. पुजाऱ्यांशी त्यांनाच बोलू दे.

नदीत सोडण्याचा मुद्दा श्रद्धेचा आहे, तो श्रद्धेच्या भाषेतच सोडवावा. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, हे बरोबर. पण गजलक्ष्मीचा फलक आणि वीरगळ गाभाऱ्यातल्या पूजेत आहेतच कुठे? अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाजवळच्या भाविकांच्या निवासाच्या, पडवीत किंवा प्राकाराच्या भिंतीशी, पावसापासून आडोशाला, जमिनीपासून थोडं उंच ओट्यावर ते मांडून ठेवता येतील. भिंतीत सिमेंटने बसवू मात्र नये, ते पुन्हा सोडवताना फुटतात. तुमच्या देवळात कौल घेत असतील तर हाही प्रश्न देवापुढे ठेवा असं सुचवा. गावकारांच्या तोंडून, देवापुढे ठरलेली गोष्ट पुढच्या समितीलाही मोडवत नाही.

आणि लेखी कळवा. पणजीच्या पुरातत्त्व खात्याला एक पत्र, सोबत फोटो आणि साधा नकाशा, प्रत पंचायतीला आणि मामलेदारांना. गोव्यात देवस्थानांचा प्रशासक मामलेदारच असतो, त्यामुळे त्यांच्या दप्तरी नोंद पडणं फायद्याचं. पोच घ्या. पत्रावर समितीचीच सही झाली तर उत्तम, म्हणजे गावाने गावाविरुद्ध तक्रार केली असं दिसणार नाही. पंधरा दिवसांत कुणी फिरकलं नाही तर पोरांपैकी एकाला स्वतः पणजीला पाठवा, टेबलासमोर उभं राहिलेल्या माणसाचं काम लवकर होतं. कुणी आलंच नाही, तरी तुमची वही तयार असेल. पुढे कधी अभ्यासक आला तर पाडलेल्या देवळाची तीच एक साक्ष उरेल.

पोरांशी बोलताना 'कायदा आहे, करू नका' इथून सुरुवात करू नका. ते तुमच्याकडे नोंदवही घेऊन आले, फावडं घेऊन परस्पर गेले नाहीत. त्यांना घेऊन पाहिजे तर आधी एक दिवस बाहेर पडा. जुन्या गोव्यातलं ऑगस्टीनचं चर्च आणि 46 मीटर उंचीचा तो अर्धा मनोरा, नाहीतर चांदर, जिथे इतिहास संशोधक फादर हेरास यांनी 1929 मध्ये उत्खनन केलं आणि जिथला शिर तुटलेला नंदी अजून बघायला मिळतो. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, भोज राजांपासून कदंब राजांपर्यंतची राजधानी, आणि आज वरवर बघितलं तर साधा गाव. तिथे उभं राहून नाण्याचं आणि फरसबंदीचं सांगा. उत्साह मरणार नाही, त्याला काम मिळेल. त्यातला एखादा पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकायला गेला तर तुमच्या गावाला स्वतःचा जाणकार मिळेल.

आता तुमच्या स्वतःच्या इच्छेबद्दल. आपल्याकडे उत्खननावर बहुतेक त्या संस्थेचे विद्यार्थी आणि संशोधक असतात, आणि रोजंदारीवर गावचे मजूर. बाहेरच्या हौशी माणसाला घेण्याची ठरलेली पद्धत नाही, ते उत्खनन-संचालकावर असतं. म्हणून वयापेक्षा 'तुम्ही कोणतं काम करू शकता' हा प्रश्न मोठा. चरात गुडघ्यांवर दिवसभर बसणं तुम्हाला झेपणार नाही, तुम्हीच गुडघ्यांचं लिहिलंय. पण प्रत्येक उत्खननाला खापरं धुणारी, वाळवणारी, त्यावर बारीक अक्षरात क्रमांक घालणारी, पिशव्या आणि नोंदी जुळवणारी माणसं लागतात. ते काम सावलीत बसून होतं आणि त्याला वळणदार अक्षर, चिकाटी आणि न कंटाळता तपासायची सवय लागते. तुम्ही आयुष्यभर पाट्या आणि वह्या तपासल्यात. अर्जात हेच लिहा, 'लहानपणापासून आवड आहे' हे शेवटी.

अर्जाआधी थोडं शिकून घेतलंत तर दार लवकर उघडेल. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल केंद्रात पुरातत्त्वाचे अभ्यासक्रम चालतात, त्यांच्याकडे चौकशी करा. 18 एप्रिलच्या वारसा दिनाला आणि 19 ते 25 नोव्हेंबरच्या वारसा सप्ताहात पुरातत्त्व खात्यांचे कार्यक्रम असतात, तिथे अधिकारी आणि अभ्यासक प्रत्यक्ष भेटतात. परदेशातल्या पैसे भरून जायच्या शिबिरांबद्दल तुम्ही विचारलंत. ती वाईट नसतात, पण भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: परवाना कुणाच्या नावावर आहे, अहवाल कुठे छापला जाणार, आणि आजारपणाचा विमा कोण काढणार. उत्तर गोलमोल आलं तर पैसे ठेवून द्या.

आपल्याकडे उत्खननाचा हंगाम पाऊस ओसरल्यावर, थंडीच्या सुमाराला सुरू होतो आणि कडक उन्हाळ्यापर्यंत चालतो. त्यामुळे संस्थांना पत्रं गणेश चतुर्थी आटोपली की लगेच टाका, नोव्हेंबरपर्यंत थांबू नका, तोवर तुकड्या ठरलेल्या असतात. सोबत देवळाच्या नोंदवहीतली चार-पाच पानं जोडा, मोजमापं आणि फोटोंसकट. फूटपट्टी दिसतेय असे फोटो निवडा.